सुपरहिरो-कॉमिक्सचे लेखक आणि चाहत्यांचे प्रश्न : पार्श्वभूमी

सुपरहिरो-कॉमिक्सच्या लेखकासमोर चाहत्यांची रांग लागली की हल्ली जे प्रश्न येतात, ते बहुतांशी कसबाचे असतात. २० पानांच्या अंकात किती चौकटी बसवाव्यात, एका संवादफुग्यात किती शब्द मावतात, धक्का देणारा प्रसंग पान उलटल्यावरच दिसावा यासाठी तो सम क्रमांकाच्या पानावर कसा आणावा, एखाद्या पात्राला कधी मारावे आणि कधी परत आणावे, असे हे प्रश्न असतात. शिष्याने गुरूला विचारावे तसा त्यांचा सूर असला, तरी त्यांचा उगम तक्रारीत आहे. ‘हे कसे लिहिता?’ असे कोणी विचारण्याच्या कितीतरी आधीपासून ‘हे असे का लिहिले?’ असे विचारले जात होते, आणि त्या जुन्या प्रश्नाला वेळोवेळी दिल्या गेलेल्या उत्तरांतूनच या कथाप्रकाराचे बरेचसे अलिखित नियम तयार झाले.

१९३८ मध्ये सुपरमॅन अवतरला, त्यानंतरची सुमारे वीस वर्षे अमेरिकी प्रकाशकांनी वाचकाला बोलते करण्याची फारशी तसदी घेतली नाही. वाचक म्हणजे शाळकरी मूल, ते थोड्याच वर्षांत कॉमिक्स सोडून देणार आणि मग त्याच कथा पुढच्या मुलांना नव्याने विकता येणार, असा सरळ हिशेब होता. टपालाचा सवलतीचा दर मिळावा म्हणून अंकात थोडा निव्वळ मजकूर असावा लागे. त्यासाठी दोन पानांची गद्यकथा छापली जाई आणि ती क्वचितच कोणी वाचत असे. १९५८ च्या सुमारास त्या जागी वाचकांची पत्रे येऊ लागली. या संवादाच्या पायाभरणीत रसिकतेइतकाच टपालखात्याचा वाटा आहे, ही गंमत सहसा सांगितली जात नाही. पुढे १९६१ मध्ये, विज्ञानकथांच्या मासिकांच्या परंपरेतून आलेल्या एका संपादकाने पत्रलेखकांचे पूर्ण पत्ते छापायला सुरुवात केली, तेव्हा वाचक संपादकाला वळसा घालून एकमेकांना लिहू लागले आणि त्याच वर्षी हौशी चाहत्यांची पहिली सुपरहिरो-पत्रके निघाली. कॉमिक्स-प्रकाशकांनी स्वतःच घालून घेतलेल्या १९५४ च्या आचारसंहितेने प्रत्येक कथेत चांगल्याचा विजय सक्तीचा केला होता. शेवट आधीच ठरलेला असल्यामुळे जाणत्या वाचकाचे कुतूहल ‘काय होणार’ याकडून ‘कसे जमवणार’ याकडे वळले, असे मानायला जागा आहे.

कसबाविषयीचा प्रश्न नेमका कोणाला विचारायचा, हे मात्र कधीच स्पष्ट नव्हते. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेत लेखक प्रत्येक चौकटीचे वर्णन आणि संवाद असलेली पूर्ण संहिता आधी लिहून देई. तिच्या प्रतिस्पर्धी संस्थेत १९६० च्या दशकात वेगळीच पद्धत रूढ झाली: लेखकाने कथेचा आराखडा द्यायचा, कधी तोही तोंडीच, चित्रकाराने त्यावरून सगळी पाने रेखाटायची, आणि मग त्या तयार चित्रांवर लेखकाने संवाद भरायचे. या दुसऱ्या पद्धतीत कथेची गती, प्रसंगांचा क्रम, कोणत्या क्षणाला मोठी चौकट द्यायची याचा निर्णय असे सगळे चित्रकाराच्या हाती जाई; तरीही श्रेयनामावलीत त्याच्या नावापुढे ‘चित्रे’ एवढेच असे आणि सभेत प्रश्न लेखकाला विचारले जात. त्यातून उद्भवलेले श्रेयाचे आणि हक्कांचे वाद अनेक दशके चालले, काही न्यायालयातही गेले. आज एखादा लेखक त्या काळातील कथेच्या रचनेबद्दल अधिकारवाणीने बोलतो, तेव्हा ती रचना मुळात त्याची होती का, एवढे तरी श्रोत्यांनी मनात ठेवायला हवे.

त्याच प्रतिस्पर्धी संस्थेने चुका काढणाऱ्या वाचकांसाठी ‘नो-प्राइझ’ नावाचे गमतीदार बक्षीस सुरू केले. प्रत्यक्षात तो रिकामा लिफाफा असे आणि आत अस्सल ‘नो-प्राइझ’ असल्याचे त्याच्यावर छापलेले असे. पुढे नुसती चूक दाखवून भागेना. ती चूक मुळात चूक कशी नव्हती, याचे पटण्याजोगे स्पष्टीकरणही वाचकानेच द्यावे, अशी अपेक्षा होऊ लागली. विसंगती सांधण्याचे हे शिक्षण एका अख्ख्या पिढीला फुकट मिळाले. तिच्यातलेच काही जण पुढे लेखक झाले. एका मुलाच्या कथा तर त्याच्या वयाच्या चौदाव्या वर्षीच, १९६६ मध्ये, छापून आल्या होत्या.

या सगळ्या इतिहासात ज्या एका निर्णयाभोवती प्रश्न आणि उत्तरे यांचा सर्वांत मोठा गुंता झाला, तो १९७३ मधला आहे. त्या वर्षीच्या जूनच्या अंकात त्याच प्रतिस्पर्धी संस्थेच्या स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी मारली गेली. मुखपृष्ठावर नायकाच्या जवळच्या माणसांचे चेहरे होते आणि त्यांच्यापैकी एकाचा मृत्यू होणार असल्याची घोषणा होती. कथेचे शीर्षक मात्र शेवटच्या पानापर्यंत राखून ठेवले होते, कारण त्या शीर्षकातच मरणाऱ्या पात्राचे नाव होते. रचनेची ही युक्ती लेखनवर्गांत शिकवावी अशी आहे. खलनायक ग्रीन गॉब्लिन ग्वेनला पुलावरून खाली फेकतो, स्पायडरमॅन जाळे टाकून तिला वरच्यावर झेलतो, आणि ती त्याच्या हातात येते तेव्हा मेलेली असते. त्या झेलण्याच्या चौकटीत तिच्या मानेजवळ एक छोटासा ध्वनिदर्शक शब्द आहे, ‘स्नॅप’. दुसरीकडे खलनायक म्हणतो की एवढ्या उंचीवरून पडणारा माणूस जमिनीवर आदळण्याआधीच मरतो. मग तिला मारले कोणी, पडण्याने की वाचवण्याने? कथेने दोन्ही शक्यता खुल्या ठेवल्या होत्या, आणि माझ्या मते तीच त्या कथेची खरी ताकद होती.

वाचकांनी पत्रांतून तोच प्रश्न विचारला आणि चार महिन्यांनी, ऑक्टोबरच्या अंकातील पत्रांच्या पानावर, त्याला थेट उत्तर मिळाले: जाळ्याने तिला एकदम थांबवले तेव्हा मानेला बसलेल्या हिसक्यानेच ती मेली. या दोन-चार ओळींचे परिणाम फार दूरवर गेले. खलनायकाचे शास्त्र चुकीचे होते हे खरेच आहे, नुसते पडणे कोणाला मारत नाही. वेग किती कमी वेळात शून्यावर येतो यावर बसणारा आघात ठरतो, आणि भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकाने पुढे हेच उदाहरण घेऊन विद्यार्थ्यांना बल आणि संवेग शिकवले. पण उत्तर शास्त्राला धरून होते म्हणून ते कथेच्या हिताचे होते, असे होत नाही. कथेत नसलेली गोष्ट कथेबाहेरच्या पानावर सांगितली गेली, ती कथेइतकीच प्रमाण मानली गेली, आणि तेव्हापासून त्या नायकाच्या अपराधभावाचा अर्थच बदलला. ‘मी वेळेवर पोहोचलो नाही’ असे म्हणणारा माणूस आणि ‘माझ्याच हातून घडले’ असे म्हणणारा माणूस ही दोन वेगळी पात्रे आहेत. हा बदल कोणत्याही कथेतून न येता एका प्रश्नोत्तरातून यावा, हे आजही खटकते.

तिला मारण्याचा निर्णय कोणाचा, यावर तर संबंधितांचेच एकमत नाही. कल्पना चित्रकाराकडून आली, जेमतेम वीस वर्षांच्या लेखकाने आणि तेव्हाच्या संपादकाने ती उचलून धरली, एवढ्यावर साधारण मतैक्य आहे. मूळ मालिकेचा जनक आणि तोवर संस्थेचा प्रमुख झालेला ज्येष्ठ लेखक याला या निर्णयाची कल्पना होती का, याबद्दल मात्र दोन कथने आहेत. महाविद्यालयांतील व्याख्यानांच्या वेळी संतापलेल्या विद्यार्थ्यांनी जाब विचारला, तेव्हा आपल्या अनुपस्थितीत हे घडल्याचे त्याने सांगितले. सहकाऱ्यांपैकी काहींच्या म्हणण्यानुसार संमती त्याचीही होती आणि समोरच्या गर्दीपुढे तो बचावाचा पवित्रा होता. त्या रोषानंतर तिला परत आणण्याची सूचना झाली, असेही त्या काळच्या लेखकाकडून सांगितले गेले आहे. मेलेल्या पात्राला सरळ उठवून बसवणे लेखकाला पटेना, म्हणून १९७५ मध्ये ग्वेनची प्रतिकृती, म्हणजे क्लोन, कथेत आली. त्याच कथेत स्पायडरमॅनचीही प्रतिकृती तयार झाली, आणि १९९४ मध्ये तिला पुन्हा बाहेर काढून जे लांबलचक प्रकरण रंगवले गेले, ते विक्रीच्या आशेने इतके ताणले गेले की खरा नायक कोणता हे वाचकांना कळेनासे झाले. सभागृहात उभे राहून विद्यार्थ्यांनी विचारलेल्या एका प्रश्नाची शेपटी अशी वीस वर्षांहून अधिक लांबली.

छापून झालेल्या भूतकाळात मागाहून अशी ढवळाढवळ करण्याला आज ‘रेटकॉन’ म्हणतात, आणि हा शब्दही प्रश्नकर्त्यांच्याच बाजूने आला. १९८३ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घडणाऱ्या एका सुपरहिरो-मालिकेच्या पत्रव्यवहारात, तिच्या लेखकाने ‘रेट्रोअ‍ॅक्टिव्ह कंटिन्युइटी’ हा शब्दप्रयोग वापरला आणि तो आपण एका संमेलनात एका चाहत्याकडून ऐकल्याचे नमूद केले. (योगायोग असा की हेच शब्द १९७३ मध्ये एका धर्मशास्त्रीय ग्रंथात अगदी वेगळ्या संदर्भात येऊन गेले होते.) मराठीत ‘पूर्वलक्षी सातत्य’ म्हणता येईल. त्याचे आखूड रूप १९८० च्या दशकाच्या अखेरीस संगणकांवरच्या चर्चांतून रूढ झाले. त्या लेखकाच्या मनातला मूळ अर्थ भर घालण्याचा होता, जुन्या कथांना धक्का न लावता त्यांच्या मधल्या रिकाम्या जागी नवी घटना बसवण्याचा. आता मात्र जुन्या घटनेचा अर्थ उलटा करणे, ती घडलीच नाही असे जाहीर करणे आणि सगळेच पुसून नव्याने सुरुवात करणे, या तिन्ही गोष्टी त्याच एका शब्दाखाली लोटल्या जातात. यातल्या शेवटच्या प्रकाराला ‘रीबूट’ हे स्वतंत्र नाव असूनही गोंधळ होतोच. लेखकाला ‘तुम्ही रेटकॉन का केला?’ असे विचारणाऱ्याच्या मनात नक्की कोणता आरोप आहे, हे त्यामुळे आधी विचारून घ्यावे लागते. १९६१ मध्ये फ्लॅश या सुपरहिरोच्या कथेत दोन समांतर पृथ्वी दाखवून जुन्या नायकांना जागा करून दिली गेली आणि १९८५-८६ च्या १२ अंकी मालिकेत तशा सगळ्या पृथ्वी एकत्र करून टाकल्या. पहिला प्रकार भर घालण्याचा होता, दुसरा पुसून टाकण्याचा.

१९८८ मध्ये तर प्रश्न उलट्या दिशेने आला. बॅटमॅनचा दुसरा रॉबिन (म्हणजे त्याचा तरुण साथीदार), जेसन टॉड, जगावा की मरावा, हे वाचकांनी दूरध्वनीवरून ठरवायचे होते. दोन क्रमांक, प्रत्येक कॉलला ५० सेंट आणि ३६ तासांची मुदत. ५,३४३ मते मृत्यूच्या बाजूने पडली, ५,२७१ विरुद्ध. ७२ मतांच्या फरकाने तो मेला. दोन्ही शेवटांची पाने आधीच तयार होती. लेखकाने शेवट ठरवण्याचा अधिकार सोडला की कसबाला काय उरते, हा प्रश्न त्या वेळी कमी लोकांनी विचारला, कारण गल्ला आणि बातम्या दोन्ही भरपूर मिळाले. जेसन २००५ मध्ये परतला.

यानंतर प्रश्नांचे स्वरूप बदलले, त्यामागे बाजाराचे कारण मोठे आहे. १९७० च्या दशकापासून विक्री हळूहळू वृत्तपत्रांच्या ठेल्यांवरून खास कॉमिक्सच्या दुकानांकडे सरकत गेली, वाचक वयाने वाढला, आणि चार-पाच वर्षांत गळून पडणाऱ्या मुलाच्या जागी सगळे लक्षात ठेवणारा प्रौढ ग्राहक आला. सॅन दिएगोतील १९७० च्या पहिल्या तीन दिवसांच्या संमेलनाला सुमारे ३०० माणसे होती; आता तिथे सव्वा लाखाहून अधिक येतात. २००० च्या आसपास पाच-सहा अंकांची कथा पुढे एका पुस्तकात बांधून विकण्याची रीत पक्की झाली, तशी कथनाची गती मंदावली, चौकटी मोठ्या आणि शब्द थोडे झाले, आणि विचारफुगे जवळपास नाहीसे होऊन त्यांच्या जागी प्रथमपुरुषी निवेदनाच्या पट्ट्या आल्या. ‘पात्राच्या मनातले कसे दाखवता?’ हा प्रश्न म्हणूनच आज इतका ऐकू येतो. विचारफुगा असताना तो कोणाला पडलाच नसता. याच काळात एका मोठ्या संस्थेने २००२ मध्ये पत्रांची पाने बंद केली, तर संग्रहांच्या शेवटी मूळ संहितेची पाने छापण्याची प्रथा वाढली, आणि प्रश्नकर्ता आता ती वाचूनच येतो. चाहत्याने स्वतःची कथाकल्पना सांगायला सुरुवात केली की मात्र लेखक त्याला तिथेच थांबवतो, कारण पुढे तशीच कथा निघाली तर चोरीचा दावा व्हायचा.

पूर्ण संहिता आधी लिहिण्याची पद्धत आता बहुतेक ठिकाणी प्रचलित आहे. मजकूर आणि चित्र यांचा मेळ त्यामुळे आपोआप बसतो असे नाही, पण चूक झाली तर ती कोणाची हे संहितेवरून कळते. ग्वेन स्टेसीच्या मृत्यूच्या मूळ अंकात तशी सोय नव्हती. तिथे मजकूर जॉर्ज वॉशिंग्टन पुलाचे नाव घेतो आणि चित्रात ब्रुकलिनचा पूल दिसतो. नंतरच्या काही पुनर्मुद्रणांत मजकुरातले नाव बदलले गेले. चित्र होते तसेच राहिले.