फ्राक्टूर की टेक्स्टुरा? आधी 'ओ' बघा

पोस्टर किंवा लेबल 'जर्मन' दिसावं म्हणून काळी, टोकदार अक्षरं निवडली जातात. फॉन्टच्या यादीत त्या सगळ्यांना सर्रास 'गॉथिक' म्हणतात, पण त्यात निदान दोन निराळ्या शैली मिसळलेल्या असतात: टेक्स्टुरा आणि फ्राक्टूर.

ओळखायचं तर छोटा 'ओ' बघा. टेक्स्टुरात तो सगळ्या बाजूंनी मोडलेला, जवळजवळ षटकोनी असतो. फ्राक्टूरमध्ये डावी बाजू मोडलेली आणि उजवी गोलसर. फ्राक्टूरच्या मोठ्या अक्षरांना वळणदार सोंड असते. जर्मन अक्षरकार तिला 'हत्तीची सोंड'च म्हणतात.

जर्मनीतल्या माइन्त्समध्ये १४५५ च्या सुमारास छापून झालेलं गुटेनबर्गचं ४२ ओळींचं बायबल टेक्स्टुरात आहे, पण त्याची भाषा लॅटिन. फ्रान्स-इंग्लंडच्या हस्तलिखितांतही हीच शैली दिसते. म्हणजे टेक्स्टुरा सांगते 'मध्ययुगीन चर्च'. ती एकट्या जर्मनीची नाही. फ्राक्टूर पवित्र रोमन सम्राट माक्सिमिलियनच्या आश्रयाने घडली. त्याचं प्रार्थनापुस्तक १५१३ मध्ये आउग्सबुर्गला छापलं गेलं. पुढे जर्मन मजकूर फ्राक्टूरमध्ये आणि त्यातलेच लॅटिन शब्द साध्या रोमनमध्ये, अशी जुळणी रूढ झाली. जर्मन भाषेशी नातं दाखवायचं असेल, तर माझ्या मते फ्राक्टूरच घ्यावी.

टेक्स्टुरा हाताने काढायला सोपी. कट निब (सपाट, रुंद टोकाची) ४० ते ४५ अंशांत धरा आणि छोट्या अक्षराची उंची निबच्या रुंदीच्या पाचपट ठेवा. ३ मिमी निबला १५ मिमी. उभ्या रेघांमधली पांढरी जागा रेघेइतकीच हवी. ती वाढली की अक्षरांची वीण उसवते.

फ्राक्टूरमध्ये घोळ होतो तो 'एस'चा. शब्दघटकाच्या सुरुवातीला आणि मध्ये लांब 'एस' (ſ), शेवटी गोल (s). 'वाख-श्टूबे' म्हणजे पहारेकऱ्यांची खोली आणि 'वाक्स-टूबे' म्हणजे मेणाची ट्यूब; दोन्हींचं स्पेलिंग एकच, पण पहिल्यात लांब 'एस' येतो, दुसऱ्यात गोल. सगळीकडे गोल 'एस' टाकला की जर्मन वाचकाला चूक लगेच खटकते. शब्द फक्त मोठ्या अक्षरांतही लिहू नका, सोंडा एकमेकींत अडकून तो वाचता येत नाही. ठसवायचा शब्द तिरका न करता अक्षरांत अंतर वाढवतात. मात्र 'सी-एच', 'सी-के', 'टी-झेड' या जोड्या तशाच जुळलेल्या ठेवायच्या.

फ्राक्टूर ही नाझींची लिपी, असं अनेकांना वाटतं. वास्तविक नाझी पक्षाचा नेता बोरमान याच्या ३ जानेवारी १९४१ च्या परिपत्रकाने तिला 'ज्यूंची अक्षरं' ठरवून तिचा वापर बंद करवला. नाझी काळाचा ठसा खरा दिसतो तो १९३३ च्या आसपास आलेल्या 'टानेनबर्ग'सारख्या टाइपांत: टेक्स्टुराची सगळी नजाकत काढून उरलेले सरळ, जाड सांगाडे. त्यामुळे 'आधुनिक' करायला म्हणून टेक्स्टुराचे पाय आणि बारीक रेघा छाटू नका. छाटत गेलात तर हातात नेमकं तेच अक्षर येतं.