आडनाव जपान, मुक्काम कोरिया

आडनाव जपान, गाव कोरिया, देश स्पेन. असा पत्ता कुणी फॉर्मवर लिहून दिला तर आपण म्हणू की बाबा रे, नीट भरून आण. पण हा पत्ता खरा आहे. सेव्हिल शहरापासून दक्षिणेला ग्वादालकिविर नदीच्या काठाकाठानं पंधराएक किलोमीटर गेलं की कोरिया देल रिओ नावाचं गाव लागतं, तीसेक हजार वस्तीचं, आणि त्या गावात सहा-सातशे माणसं अशी आहेत की ज्यांचं आडनाव अक्षरशः 'जपान' आहे. स्पॅनिशमधे त्या देशाचं नाव जसं लिहितात अगदी तसंच लिहितात, उच्चार 'खापोन' आणि अंदालुसियातली, म्हणजे स्पेनच्या या दक्षिण भागातली, माणसं 'ख' जरा सैल सोडतात म्हणून 'हापोन'. (देवनागरीत हे कोरिया आणि ते कोरिया सारखंच दिसतं, स्पेलिंग मात्र वेगळं आहे, आणि या गावाचा त्या देशाशी काडीचा संबंध नाही. जपानशी आहे, तोच तर विषय आहे.)

गोष्ट सुरू होते २८ ऑक्टोबर १६१३ ला. जपानमधल्या सेंदाईचा सरदार दाते मासामुने, ज्याला एकच डोळा होता, याला मेक्सिकोशी थेट व्यापार करायचा होता आणि मेक्सिको तेव्हा स्पेनच्या ताब्यात, म्हणजे परवानगी माद्रिदहून आणायची. त्यानं स्पॅनिश पद्धतीचं जहाज बांधून घेतलं, हासेकुरा त्सुनेनागा नावाच्या आपल्या सामुराईला वकील, म्हणजे राजदूत, केलं, सोबत लुईस सोतेलो नावाचा फ्रान्सिस्कन पाद्री दिला आणि एकूण १८० च्या आसपास माणसं पॅसिफिक ओलांडायला निघाली. तीन महिन्यांनी मेक्सिकोतलं अकापुल्को. तिथून बरेचसे व्यापारी मागेच थांबले, उरलेले जमिनीवरून आडवा मेक्सिको पार करून दुसऱ्या किनाऱ्यावर, मग अटलांटिक, आणि ऑक्टोबर १६१४ मधे तीसेक जपानी माणसं स्पेनला पोचली. सेव्हिलमधे थाटात शिरायचं तर नीट कपडे वगैरे हवेत, म्हणून आधी काही दिवस मुक्काम पडला तो नदीकाठच्या या कोरियात.

पुढची वरात मोठी आहे, मी धावतं सांगतो. ३० जानेवारी १६१५ ला राजा तिसरा फेलिपे भेटला, १७ फेब्रुवारीला हासेकुरानं माद्रिदमधे बाप्तिस्मा घेतला आणि तो फेलिपे फ्रान्सिस्को झाला, नोव्हेंबरात रोमला पोप पाचवा पॉल भेटला. वाटेत वादळामुळे फ्रान्सच्या सँ-त्रोपे गावी थांबावं लागलं तिथली एक नोंद मला भारी आवडते. ही माणसं नाक शिंकरायला मऊ कागद वापरायची आणि वापरला की रस्त्यावर फेकून द्यायची, तर गावातली मंडळी तो उचलायला धावायची, एकमेकांवर पडायची. टिश्यू पेपर, १६१५ सालातला!

काम मात्र झालं नाही. कारण वकील मंडळी मेक्सिकोच्या रस्त्यात होती तेव्हाच, १६१४ च्या सुरुवातीला, जपानमधे तोकुगावांनी, म्हणजे तिथल्या सत्ताधारी घराण्यानं, ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली होती. म्हणजे इकडे वकील ख्रिस्ती होतोय आणि तिकडे ख्रिस्ती असणं गुन्हा झालाय, ही बातमी स्पेनलाही कळली, मग व्यापाराला कोण हो म्हणणार. हासेकुरा १६१७ मधे स्पेनहून निघाला, १६२० ला घरी पोचला, १६२२ ला वारला. सोतेलो परत जपानमधे गेला तर त्याला १६२४ मधे जिवंत जाळलं. आता अशा वेळी बाप्तिस्मा घेतलेला एखादा साधा शिपाई किंवा नोकर काय विचार करेल, परत जायचं की इथेच नदीकाठी थांबायचं? काही जण थांबले. सगळ्यांचं भलं झालं असंही नाही, तोमास फेलिपे नावाच्या एका जपान्याला साफ्रा गावातल्या मालकानं गुलाम करून डागलं होतं आणि त्यानं सुटकेसाठी थेट राजाकडे अर्ज केला.

मग कोरियाच्या सांता मारिया दे ला एस्त्रेया या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांमधे 'जपान' हे नाव आडनावाच्या जागी यायला लागतं, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात. वैताग असा की त्याच्या आधीची काही दशकं, म्हणजे नेमकी जी पाहिजेत ती, त्या वह्याच हरवल्यात. म्हणजे नदीकाठी थांबलेला पहिला माणूस आणि वहीतला पहिला 'हापोन' यांच्यामधलं पान फाटलेलं आहे. हा दुवा जुळवायला आयुष्य घालवलेला गावचा इतिहासकार म्हणजे विर्खिनियो कारवाखाल हापोन, तोही त्यांच्यातलाच.

आता 'जपान' हे आडनाव कसं होऊ शकतं? अगदी सोपं आहे. आपल्याकडे पुण्याहून आला तो पुणेकर, साताऱ्याचा तो सातारकर, आणि गंमत म्हणजे पुणेकर हे आडनाव पुण्यात पडत नाही, पुणं सोडल्यावर पडतं, पुण्यात सगळेच पुण्याचे. स्पेनमधे तसंच. तोलेदो, सेव्हिया ही आडनावं तिथं आहेत, आणि आलेमान म्हणजे जर्मन, फ्रान्सेस म्हणजे फ्रेंच हीसुद्धा आडनावंच आहेत. अंदालुसियाच्या पाद्र्याला जपानी नाव लिहिता आलं नसणार, मग त्यानं पुढे ख्रिस्ती नाव लिहिलं असेल आणि मागे 'दे हापोन', जपानचा. कालांतरानं 'चा' गळला.

इथे मी थोडा ब्रेक मारतो, कारण आडनाव आलं म्हणजे रक्त आलं हे गृहीत धरायची आपल्याला फार सवय आहे. गोव्याकडे बघा. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा मुलगा, रॉड्रिग्ज म्हणजे रोद्रिगोचा मुलगा, ही अस्सल इबेरियन आडनावं, पण गोव्यातल्या बहुतेक फर्नांडिस मंडळींच्या पूर्वजांत कुणी पोर्तुगीज नव्हता, बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळालं एवढंच. आडनाव समुद्र ओलांडून आलं, रक्त नाही. जपानच्या बाबतीत मात्र ही शंका कमी पडते कारण सोळाव्या-सतराव्या शतकातल्या स्पेनमधे कुणी हौसेनं 'जपान' नाव लावून घेईल असं नाही, धर्मपित्याचं आडनाव जपान असण्याचा तर प्रश्नच नाही. पण दुसरी शंका खरी आहे. पोर्तुगीज व्यापारी हासेकुराच्या कितीतरी आधीपासून जपानी माणसं गुलाम म्हणून मकाव, गोवा आणि पुढे थेट युरोपपर्यंत नेत होते, इतकी की १५७० च्या सुमारास पोर्तुगालच्या राजाला त्यावर बंदीचा हुकूम काढावा लागला (पाळला किती गेला तो भाग वेगळा). तेव्हा कोरियातला मूळ पुरुष सामुराईच होता असं छाती ठोकून सांगणं घाईचं होईल, गावकऱ्यांना सामुराई आवडतो हे साहजिकच आहे.

बरं, एखाद-दुसऱ्या माणसाचं आडनाव ४०० वर्षं टिकतं तरी कसं? हा प्रश्न १८७३ मधे इंग्लंडमधे फ्रान्सिस गॉल्टननं विचारला होता आणि वॉटसन नावाच्या पाद्री-गणितज्ञानं उत्तराची रीत दिली. समजा लोकसंख्या स्थिर आहे, प्रत्येक पुरुषाला सरासरी एक मुलगा, कुणाला दोन-तीन, कुणाला एकही नाही. सरासरी एक असली तरी ज्याला एकही नाही त्याची ओळ तिथेच संपते आणि संपलेली ओळ परत सुरू होत नाही, म्हणून दर पिढीला काही आडनावं गळत जातात. ४०० वर्षं म्हणजे साधारण १४ पिढ्या, तेवढ्यांचा हिशोब मी कागदावर करून बघितला तर १०० मूळपुरुषांपैकी जेमतेम १२ जणांचं आडनाव शेवटपर्यंत पोचतं. लोकसंख्या वाढत असेल तर आकडा सुधारतो, आणि स्पेनची ती वाढलीच, पण तरी बहुतेक विरतातच. म्हणजे चार-सहा जपानी मागे राहिले असतील तर आजचे सगळे हापोन त्यातल्या एखाद-दोघांचेच असणं अगदी शक्य आहे.

आणि म्हणूनच दुर्मिळ आडनाव शास्त्रज्ञांना सोन्यासारखं असतं. गार्सिया बघा, स्पेनमधे पहिलं आडनाव गार्सिया असलेली माणसं १४ लाखांच्या वर आहेत, पण ती शेकडो वेगवेगळ्या मूळपुरुषांची, दोन गार्सिया भेटले तर त्यांचं नातं असेलच असं काही नाही. दोन हापोन भेटले तर जवळपास नक्की आहे. १९६५ मधे क्रो आणि मांगे या दोघांनी याच तत्त्वावर एक युक्ती काढली, नवरा-बायको दोघांचं आडनाव लग्नाआधीपासूनच एक असेल अशी लग्नं गावात शेकडा किती ते मोजायचं आणि त्याला चारनं भागायचं, की त्या गावात नात्यातली लग्नं किती होत आली याचा अंदाज मिळतो. स्पेनमधे हे मोजणं सोपं, कारण बाई लग्नानंतर आडनाव बदलत नाही आणि प्रत्येकाला दोन आडनावं असतात, आधी वडलांचं मग आईचं. खोसे हापोन सेव्हिया नावाचा फुटबॉल रेफरी होता, स्पेनच्या पहिल्या दर्जाच्या लीगमधला. रेफरीच्या रकान्यात 'हापोन सेव्हिया' छापून यायचं, नवख्याला वाटावं जपान विरुद्ध सेव्हिल अशी मॅच आहे.

मग सरळ डीएनए टेस्ट करा की! गावात हा विचार आलाय, जपानी शास्त्रज्ञांनी उत्साह दाखवला, लोकांनी नमुनेही दिले. पण या टेस्टकडून काय मिळू शकतं ते नीट बघायला पाहिजे. साधा डीएनए दर पिढीला अर्धा होतो, १४ पिढ्या मागच्या एका पूर्वजाचा वाटा सरासरी १६,३८४ वा, आणि डीएनए दाण्यादाण्यानं नाही तर तुकड्यांनी येतो, म्हणून प्रत्यक्षात बहुतेकदा त्या पूर्वजाचं काहीच उरत नाही. शून्य. चेहऱ्यावर जपान शोधण्यात अर्थ नाही तो यामुळेच, आणि हापोन मंडळी दिसतात ती शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखीच.

वाय क्रोमोसोमचं मात्र वेगळं. तो बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसाच्या तसा जातो, आडनावासारखाच. जपानमधल्या साधारण एक तृतीयांश पुरुषांत डी गटाचा वाय असतो, निम्म्याच्या आसपास ओ गटाचा, आणि स्पेनमधे बहुसंख्य पुरुषांत आर-वन-बी गटाचा. तेव्हा एखाद्या हापोनच्या वायमधे डी निघाला तर प्रश्नच मिटला. पण आर-वन-बी निघाला तर? तर काहीच सिद्ध होत नाही. कारण त्या काळात अंदालुसियात आडनाव बापाचंच लागेल असा पक्का नियम नव्हता, आईचं, आजीचं, ज्याची इस्टेट मिळणार त्याचं, असं काहीही मुलं लावत. एका पिढीत एका मुलीनं 'हापोन' पुढे दिलं की तिथून आडनाव चालू आणि वाय नवऱ्याचा. १४ पिढ्यांत हे एकदा घडलं तरी पुरे.

गावात आणखी एक पुरावा सांगतात, की काही बाळं जन्मतात तेव्हा कमरेखाली निळसर डाग असतो, मोठं झाल्यावर जातो, आणि तो जपानी रक्ताचा. ऐकायला छान आहे, पण तो डाग अर्ध्या जगात असतो, आपल्याकडे कुठल्याही बाळंतिणीच्या वॉर्डात दहा बाळं उघडून बघा, बऱ्याच जणांना सापडेल. त्या हिशोबानं आपणही सगळे सामुराई.

गावाला या शंकांचं फार काही नाही. नदीकाठच्या बागेत १९९२ पासून हासेकुराचा पुतळा उभा आहे, जपानकडून आलेला, आणि जून २०१३ मधे तेव्हाचे युवराज, आताचे सम्राट नारुहितो तिथे येऊन चेरीचं झाड लावून गेले. सेव्हिलच्या महापालिकेकडे दाते मासामुनेचं पत्रही जपून ठेवलेलं आहे.

आडनावाचं पुढे काय होणार हे आता चर्चच्या वहीत नाही तर नोंदणी ऑफिसात ठरतं. जुन्या नियमानं आईचं हापोन मुलाला दुसऱ्या जागी मिळायचं आणि नातवापर्यंत पोचताना गळून जायचं. १९९९ पासून आईबाप दोघं मिळून आईचं आडनाव पुढे घेऊ शकतात, आणि २०१७ पासून बापाचं आपोआप पहिलं हा नियमच गेला, क्रम ठरवून सांगावा लागतो. म्हणजे कोरियात एखादी हापोन बाई आणि तिचा गार्सिया नवरा पहिल्या बाळाची नोंद करायला जातात तेव्हा टेबलापलीकडचा माणूस दोघांना विचारतो, पुढे कुठलं लिहू?