‘लूस माला’चा दिवा आणि पुरलेलं सोनं

बरीच वर्षं फिरणारा एक मेसेज सांगतो : अर्जेंटिना-उरुग्वेच्या माळरानावर रात्री ‘लूस माला’ नावाचा जळता आत्मा भटकतो, माणसाचा पाठलाग करतो आणि जिथे थांबतो तिथे सोनं पुरलेलं असतं.

दंतकथा खरोखर आहे. आपल्या आग्या वेताळासारखीच ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. २४ ऑगस्टला, संत बार्थोलोम्यूच्या दिवशी हा दिवा जास्त दिसतो, असं तिथे मानतात. दिवे पाहणारे लोकही खोटं बोलत नाहीत. प्रश्न आहे तो दिसलेल्या उजेडाच्या अर्थाचा.

‘जमिनीतल्या हाडांतला फॉस्फरस चमकतो’ हा या उजेडाचा दिला जाणारा खुलासाही घाईचा आहे. हाडांत फॉस्फरस मोकळा नसतो, कॅल्शियमशी बांधलेल्या फॉस्फेटच्या रूपात असतो आणि ते आपोआप पेटत नाही. सोनं तर स्वतःहून उजळतच नाही.

मग उजेड कसला? एकच उत्तर नाही. तिकडे ‘तुको’ नावाचा भुंगा आहे : डोक्यामागे दोन हिरवट ठिपके, काजव्यासारखे लुकलुकत नाहीत, सलग तेवतात. अंधारात तो उडाला की दिवाच तरंगतोय असं वाटतं. कधी दूरच्या घरातला कंदील असतो, कधी गाडीचा दिवा.

पाठलागाचं म्हणाल, तर लांबचा दिवा चालणाऱ्याला सोबत येतोय असंच भासतं. शिवाय मिट्ट काळोखात एकटा ठिपका टक लावून पाहिला, की स्थिर असूनही हलताना दिसतो. म्हणून थांबा, कुंपणाचा खांब आणि दिवा एका रेषेत धरा, डोकं न हलवता पाहा. रेष मोडली नाही, तर दिवा जागेवरच आहे. मग बाजूला बरंच चालून पुन्हा दिशा घ्या. दोन्ही रेषा जिथे छेदतात, तिथे सकाळी जाऊन बघा.