पुरुमेंताच्या यादीत पाणी आणि कागदपत्रंही हवीत

‘उत्तर गोव्यात ऑरेंज अलर्ट, सतर्क राहावे’ हा हवामानाच्या इशाऱ्याचा एकच निरोप साखळी शहरातल्या दुकानदाराला, मोरजीच्या होडीवाल्याला आणि पणजीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला जातो. वाचतात सगळे, हालत कुणीच नाही. निरोपात करायचं काय तेच नसतं.

मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड रॉजर्स यांनी १९७५ साली मांडलेल्या आणि १९८३ साली सुधारलेल्या सिद्धान्तानुसार माणूस मनात दोन हिशेब करतो. संकट माझ्या दारात येईल का? आणि मी जे करीन ते मला जमेल का, त्यानं फरक पडेल का? पहिला हिशेब फुगवून दुसरा कोरा ठेवला, तर भीती घालवायला माणूस ‘आमच्याकडे नाही येत पाणी’ म्हणतो आणि विषय मिटवतो. म्हणून पुराचे भयंकर व्हिडिओ फिरवून तयारी होत नाही.

साखळीत वाळवंटी नदीकाठच्या दुकानदाराला असं सांगावं: ‘ऑरेंज अलर्ट आला की दुकान बंद करण्यापूर्वी खालच्या दोन फळ्यांवरचा माल वर चढवा, मेन स्विच बंद करा.’ ‘अमुक झालं की तमुक’ असं आधी ठरवलेलं काम ऐनवेळी हातून होण्याची शक्यता जास्त असते. मातीच्या घरात राहणाऱ्याला वेगळं सांगायला हवं. २३ जुलै २०२१ च्या पुरात सत्तरी-डिचोलीत कितीतरी घरं पडली. भिजलेल्या मातीच्या भिंतीची ताकद जाते, ती पाणी ओसरल्यावरही कोसळते. तेव्हा लगेच आत झोपायला जाऊ नका. होडीवाल्याला पावसाचे मिलिमीटर नकोत, वाऱ्याचा वेग आणि लाटांची उंची हवी, तीही किती वाजेपर्यंत ते सांगून. १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठते, पावसाळा मात्र चालूच असतो.

वेळही महत्त्वाची. मे महिन्यात गोव्यात घरोघरी पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतात: सुकी मासळी, सोलं, मिरच्या, तांदूळ. तयारीचा एवढा जुना सराव असताना ‘आपत्कालीन किट’ परकं का वाटू द्यावं? त्याच यादीत माणशी रोज ३ लिटरप्रमाणे ३ दिवसांचं पाणी घालावं, म्हणजे चौघांना ३६ लिटर. सोबत टॉर्च, आठवड्याची औषधं आणि जाड प्लास्टिकच्या पिशवीत कागदपत्रं. हे वाड्यावरच्या बचतगटातल्या बाईनं सांगितलं, तर कागदी पत्रकापेक्षा लवकर पटतं.

आणि इशारा देऊनही पाऊस चुकला, तर दुसऱ्या दिवशी इशारा देणाऱ्यानंच कारण सांगायला हवं: ढग कुठं वळले, पाणी कुठं पडलं. गप्प राहिलं की पुढचा इशारा कुणी वाचत नाही.