बोटुकलीला वेळ कमी असतो

भंडारा-गोंदियाकडच्या मामा तलावांवर, म्हणजे माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळच्या) तलावांवर, पावसाळ्यात मत्स्यबीजाच्या पिशव्या येतात. थोडं पाणी, वर कोंडलेला ऑक्सिजन आणि आत शेकडो इवली पिल्लं. गाडीला उशीर झालेला असतो, ऊन तापलेलं असतं, आणि पाळीवर उभं राहून कोणीतरी घाईघाईत पिशवी फाडून सरळ तलावात ओततं. मेलेली पिल्लं बुडाशी जातात, दिसत नाहीत. नुकसान कळतं ते पुढे जाळं ओढताना. मला हे बघवत नाही, कारण वीस मिनिटं थांबलं तरी बरीच पिल्लं वाचू शकतात.

माशाला स्वतःच्या अंगात ऊब राखता येत नाही. भोवतालचं पाणी जेवढं गरम, तेवढाच तो गरम. दोन किलोचा रोहू तापायला किंवा निवायला वेळ लागतो. बोटाएवढ्या पिल्लाला, म्हणजे बोटुकलीला, तेवढी उसंत नसते, तापमानातला फरक त्याच्या अंगात लगेच उतरतो. म्हणून बांधलेली पिशवी आधी पंधरा-वीस मिनिटं तलावात तरंगू द्यायची. मग तोंड सोडून तलावाचं पाणी थोडं थोडं आत घ्यायचं आणि पिल्लांना आपणहून बाहेर पडू द्यायचं. वेळ सकाळची किंवा संध्याकाळची.

उन्हाची दुसरी मार श्वासावर बसते. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच. उलट तापमान दहा अंशांनी वाढलं की माशाची प्राणवायूची गरज जवळपास दुप्पट होते. वजनाच्या मानाने पाहिलं तर पिल्लाला मोठ्या माशापेक्षा जास्त प्राणवायू लागतो. हिरव्यागार तलावात शेवाळं दिवसा प्राणवायू सोडतं, पण रात्री तेच तो खातं. त्यामुळे सर्वांत वाईट घटका पहाटेची, त्यातही आदला दिवस ढगाळ गेला असेल तर. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले की मासेमार ढिवरांना दुसरं काही सांगावं लागत नाही.

हा सगळा खेळ सुरू होतो पावसाने. रोहू, कटला आणि मृगळ साचलेल्या तलावात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. पहिल्या पुरात धारेविरुद्ध चढणारे मासे आपण चढणीचे मासे म्हणून पकडतो, त्यांतल्या कित्येकांच्या पोटात गाभोळी असते. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालून घेतली, आणि बीजासाठी नदीवरच अवलंबून राहायची गरज संपली. ऋतू मात्र टळला नाही. पाऊस फार लांबला तर मादीच्या पोटातली पिकलेली अंडी शरीरातच जिरून जातात.

पाणी २७-३० अंशांवर असेल तर अंडी पंधरा-अठरा तासांत फुटतात. जिऱ्याएवढ्या पिल्लाला पोटाखालची बलकाची पिशवी साधारण तीन दिवस पुरते. त्यानंतर पाण्यातले सूक्ष्म जीव मिळाले नाहीत तर ते उपाशी मरतं.

जुलैत सोडलेल्या पिल्लाला थंडीपूर्वी चार-पाच महिने मिळतात. पाऊस उशिरा आला, बीज सप्टेंबरात पडलं, तर दोनच. डिसेंबरात पाणी गार झालं की रोहूची भूक मंदावते आणि वाढ जवळपास थांबते. याच दिवसांत अंगावर जखमा पडण्याचा रोगही बळावतो. फेब्रुवारीत पाणी पुन्हा तापू लागतं, पण तोवर ते आटायलाही लागलेलं असतं. म्हणूनच उशिराच्या बीजात जिऱ्याएवढ्या पिल्लांऐवजी मोठी बोटुकली घेतलेली बरी, चार पैसे जास्त गेले तरी.

मरळीचं गणित वेगळं. ती पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेते, आणि तिची लालसर पिल्लं घोळक्याने वर येतात तेव्हा खाली आईबाप राखणीला असतात. वैशाखात बोडीचा, म्हणजे लहान तळ्याचा, तळ उघडा पडतो, तेव्हा शेवटच्या गढूळ डबक्यात हात घातला तर मरळ लागते. रोहू तिथे नसतो.