तीन बोटांचा झेल आणि डावा गुडघा

२३ नोव्हेंबर २०१४ ची रात्र. न्यू जर्सीतल्या मेटलाइफ स्टेडियममध्ये अमेरिकन फुटबॉलचा सामना चालू होता आणि न्यूयॉर्क जायंट्स संघाच्या ईलाय मॅनिंगने लांबवर चेंडू फेकला. त्याच्याच संघातला २२ वर्षांचा ओडेल बेकहॅम ज्युनियर धावता धावता उडाला. डॅलस काउबॉईजचा खेळाडू त्याला ओढत होता, पंचांनी त्याबद्दल दंडही दिला. तरी मागे कलंडत त्याने उजवा हात डोक्यामागे नेला आणि अंगठा व दोन बोटांत चेंडू धरला. ४३ यार्डांचा टचडाउन, म्हणजे चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे! सामना जायंट्स ३१-२८ असा हरले, पण ते आता कोणाच्या लक्षात आहे?

हा झेल नशिबाचा म्हणणाऱ्यांनी थोडं गणित करून पाहावं. अमेरिकन फुटबॉलच्या चेंडूचं वजन सुमारे ४१० ग्रॅम. तो ताशी ७२ किलोमीटर वेगाने आला आणि हाताने त्याला सेकंदाच्या पन्नासाव्या भागात थांबवला, तर पंजावर जवळजवळ ४२ किलो वजनाइतका जोर येतो. तोच चेंडू सेकंदाच्या दहाव्या भागात, हात मागे नेत थांबवला, तर हा जोर जेमतेम ८ किलोवर येतो. स्लिपमधला क्षेत्ररक्षक झेल घेताना हात मागे घेतो तो याचसाठी. बेकहॅम तर चेंडू जात होता त्याच दिशेने पळत होता, म्हणजे त्याच्या हातापुरता चेंडूचा वेग आधीच कमी झालेला. शिवाय अंगठ्यापासून करंगळीपर्यंत १० इंच भरणारा पंजा आणि तळव्याला चिकट सिलिकोन असलेले हातमोजे. (हाताला चिकट लेप फासायला तिथे १९८१ पासून बंदी आहे, मोज्यांना नाही. नियम करणाऱ्यांचं हे तर्कशास्त्र मला कधी उमगलेलं नाही.)

पण वाइड रिसीव्हरचं, म्हणजे बेकहॅमसारख्या लांबचे चेंडू झेलणाऱ्या खेळाडूचं, पोट हातांवर कमी, पायांवर जास्त चालतं. मैदानाच्या कडेने सुसाट पळायचं, एक पाय रोवायचा, झटक्यात दिशा बदलायची, की मागे लागलेला बचावपटू दोन पावलं चुकतो. त्या दोन पावलांच्या जागेत चेंडू येतो.

पहिल्या मोसमात बेकहॅम सुरुवातीचे ४ सामने खेळलाच नाही, कारण हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचे स्नायू दुखावले होते. पूर्ण वेगात पाय पुढे फेकला की तो जमिनीला टेकण्याआधी हेच स्नायू त्याला आवरतात. लांबत असतानाच ताकद लावायची, असं हे अवघड काम आहे आणि बहुतेकदा ते तिथेच फाटतात. एवढं होऊनही उरलेल्या १२ सामन्यांत त्याने ९१ झेल, १,३०५ यार्ड (झेल घेऊन संघाला पुढे नेलेलं अंतर) आणि १२ टचडाउन केले. आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित खेळाडू तोच ठरला.

२०१७ मध्ये डावा घोटा मोडला. २०१९ मध्ये तो क्लीव्हलँड ब्राउन्सकडे गेला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये डाव्या गुडघ्याचा एसीएल नावाचा अस्थिबंध तुटला. मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आतून तिरकस बांधणारा हा बोटाएवढ्या जाडीचाही नसलेला अस्थिबंध नडगीला पुढे सरकू देत नाही. पाय रोवून वळताना गुडघा आत कलला, की तो तुटू शकतो. पाय टेकल्यापासून सेकंदाच्या विसाव्या भागात हे घडून जातं. मेंदूला खबर लागून स्नायू सावरेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून यातल्या बहुतेक दुखापतींत कोणाचा धक्काही लागलेला नसतो.

शस्त्रक्रियेत तिथे दुसऱ्या ठिकाणचा स्नायुबंध बसवतात. गंमत अशी की तो आधी कमकुवत होतो. त्यातल्या पेशी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि तंतू पुन्हा विणले जातात. याला वर्ष, कधी त्याहूनही जास्त काळ लागतो. दुखणं मात्र कितीतरी आधी थांबतं, आणि खेळाडूला वाटतं आपण बरे झालो.

१३ फेब्रुवारी २०२२ ला लॉस एंजलिस रॅम्सकडून सुपर बोलमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यात, बेकहॅमने सामन्यातला पहिला टचडाउन केला. चार सत्रांपैकी दुसऱ्या सत्रात आजूबाजूला कोणी अंगाला लागलेलं नसताना तोच डावा गुडघा पुन्हा गेला. रॅम्स २३-२० ने जिंकले. २०२२ चा पुढचा मोसम त्याचा रिकामा गेला. २०२३ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सकडून ३५ झेल, तर २०२४ मध्ये मायामी डॉल्फिन्सकडून ९ झेल आणि ५५ यार्ड. पहिल्या वर्षी तो एका सामन्यात सरासरी जवळजवळ १०९ यार्ड काढत असे.