डीएडब्ल्यू क्रॅश होतं तेव्हा नक्की पडतं कोण: प्लगइन आणि ऑटोमेशनची जुनी भानगड

कॉम्प्युटरवर गाणी रेकॉर्ड आणि मिक्स करायचं सॉफ्टवेअर म्हणजे डीएडब्ल्यू, त्यात जोडलेले इफेक्ट आणि वाद्यांचे छोटे प्रोग्राम म्हणजे प्लगइन, आणि गाणं वाजताना नॉब-फेडर आपोआप हलवणं म्हणजे ऑटोमेशन. ऑटोमेशन असलेला भाग वाजायला लागला की प्रोजेक्ट धाडकन बंद, आणि मग सल्ले सुरू, प्लगइन काढून बघ, ड्रायव्हर अपडेट कर, बफर (आवाजाचं गणित एका वेळी जेवढ्या तुकड्याचं करतात तो) वाढव. सल्ले बरेचदा कामाचे असतात, पण ते का लागू पडतात हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

ऑटोमेशन कॉम्प्युटर सॉफ्टवेअरच्या आधीपासून आहे. १९७० च्या दशकात नीव्ह कंपनीची नेकॅम नावाची सिस्टिम होती, त्यात मिक्सिंग कन्सोलचे फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या पट्ट्या, मोटरवर आपोआप हलायचे. इंजिनियरने एकदा जसा फेडर हलवला तसा तो पुढच्या वेळी आपला आपण हलणार. यात बिघडलं तर ऑटोमेशन बिघडायचं, गाणं वेगळ्या टेपवर सुखरूप. पुढे १९८३ ला मिडी आलं, म्हणजे वाद्यांनी एकमेकांना हुकूम पाठवायची ठरलेली भाषा, तिथेही कॉम्प्युटरवरचा सीक्वेन्सर (कुठला सूर कधी वाजवायचा ते साठवणारा प्रोग्राम) नुसते ० ते १२७ मधले आकडे पाठवायचा आणि आवाज बाहेरच्या सिंथमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यात, तयार व्हायचा. म्हणजे हुकूम देणारा एक, आवाज काढणारा दुसरा, दोघांचे डबे वेगळे.

खरी गोची १९९६ ला झाली. स्टाइनबर्ग कंपनीने आपल्या क्युबेस या डीएडब्ल्यूमध्ये व्हीएसटी ही प्लगइन जोडायची पद्धत आणली आणि त्याचं एसडीके, म्हणजे प्लगइन लिहायचं साहित्य, बाहेरच्या लोकांनाही दिलं, म्हणजे कोणीही इफेक्ट लिहावा आणि तो क्युबेसच्या आत चालावा. १९९९ च्या व्हीएसटी २ मध्ये प्लगइनला मिडी घेता यायला लागलं, त्यामुळे अख्खे सिंथ आत आले. आयडिया भारीच होती, घरबसल्या गाणी करणाऱ्यांचं जग त्यामुळेच उभं राहिलं. पण प्लगइन होस्टच्याच, म्हणजे त्याला चालवणाऱ्या डीएडब्ल्यूच्याच, प्रोसेसमध्ये (चालू प्रोग्रामच्या घरात) लोड होतं, मेमरी एकच, भिंत नाही. कुठल्यातरी फुकटच्या रिव्हर्बने (आवाज घुमवणाऱ्या इफेक्टने) चुकीच्या पत्त्यावर काही लिहिलं की अख्खं सॉफ्टवेअर आडवं, आणि नाव कोणाचं खराब? डीएडब्ल्यूचं. जुन्या मॅक ओएसवर तर मेमरी प्रोटेक्शनच नव्हतं, तिथे कधीकधी पूर्ण मशीन रीस्टार्ट करावं लागायचं.

मग तेव्हाच वेगळी प्रोसेस का नाही दिली? वेळ नव्हता, शब्दशः. ४४,१०० हर्ट्झला (सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापं, म्हणजे सॅम्पल) ६४ सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण १.४५ मिलिसेकंद, तेवढ्यात सगळ्या ट्रॅकवरच्या सगळ्या प्लगइनचं गणित उरकायचं, नाहीतर आवाजात कटकट ऐकू येते. प्रोसेस बदलत बसायची चैन त्या काळच्या सीपीयूला परवडणारी नव्हती.

आता ऑटोमेशन यात कुठे येतं, आणि मला विचाराल तर खरी मजा इथेच आहे. प्लगइनमध्ये कमीत कमी दोन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, चालू असतात, एक आवाजाचा आणि एक स्क्रीनवरची बटणं काढणारा. माउसने नॉब फिरवला तर हुकूम स्क्रीनच्या थ्रेडवरून येतो, पण ऑटोमेशन वाजतं तेव्हा तोच नॉब बरेचदा आवाजाच्या थ्रेडवरून फिरवला जातो. प्लगइन लिहिणाऱ्याने तिथूनच स्क्रीनवरचं चित्रही हलवलं, आणि नेमकी त्याच क्षणी तुम्ही विंडो बंद केली, की गेलं. म्हणून हातानं फिरवलं तर ठीक आणि ऑटोमेशनवर क्रॅश, किंवा विंडो उघडी असेल तरच क्रॅश, असे विचित्र प्रकार दिसतात, आणि दर वेळी होतीलच असंही नाही, कारण सगळा खेळ टायमिंगचा. २००८ च्या व्हीएसटी ३ ने यावर उपाय केला, आवाजाचा भाग आणि कंट्रोलचा भाग वेगळे, आणि पॅरामीटरचे, म्हणजे नॉबच्या किमतींचे, बदल ऑडिओ बफरसोबतच कितव्या सॅम्पलवर लागू करायचे ते सांगून येतात. कागदावर झकास. लिहिणाऱ्यांनी ते पाळलं पाहिजे ना पण.

दुसरी जुनी भानगड नंबरांची. व्हीएसटी २ मध्ये पॅरामीटर ओळखायचा तो त्याच्या क्रमांकावरून. प्लगइनच्या नव्या व्हर्जनमध्ये क्रम बदलला की जुन्या प्रोजेक्टमधलं फिल्टरच्या कटऑफ नॉबचं ऑटोमेशन जाऊन शेजारच्या रेझोनन्स नॉबला चिकटणार, आणि नसलेला नंबर मागितल्यावर प्लगइनने तपासलं नाही तर थेट क्रॅश. जुना प्रोजेक्ट उघडताना पडत असेल तर यावर आधी संशय घ्यावा.

३२ बिटचं थोडक्यात: विंडोजवर अशा प्रोग्रामला एरवी २ जीबीच मेमरी मिळायची, रेकॉर्ड केलेल्या वाद्यांच्या मोठ्या सॅम्पल लायब्ररी ती गिळायच्या, आणि जुनी प्लगइन ६४ बिटमध्ये चालवायला जे ब्रिज, म्हणजे मधले दुवे, आले ते स्वतःच कटकटीचे. २०१६ च्या क्युबेस ९ ने ३२ बिट काढूनच टाकलं आणि सुरू होतानाच संशयास्पद प्लगइन बाजूला काढणारं सेंटिनेल आणलं. मॅकवर २०१९ च्या कॅटालिना या मॅकओएसने ३२ बिट बंद करून विषयच संपवला.

प्लगइन आणि डीएडब्ल्यूमधली भिंत मात्र हळूहळू आली. रीपर या डीएडब्ल्यूमध्ये प्लगइन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवायची सोय आहे, २०१४ ला आलेल्या बिटविग या डीएडब्ल्यूने हाच आपला मोठा मुद्दा केला, प्लगइन मेलं तरी गाणं वाजत राहतं आणि तेवढं एकच परत लोड करायचं. सीपीयू आणि मेमरी थोडी जास्त जाते, म्हणून सगळीकडे सरसकट चालू ठेवत नाहीत, जे प्लगइन त्रास देतं तेवढंच वेगळं टाकतात.

जिथे ही सोय नाही तिथे शोध जुन्याच पद्धतीने. प्लगइन फोल्डर रिकामा करून प्रोजेक्ट उघडायचा, मग निम्मी निम्मी परत टाकत जायची. त्याआधी क्रॅश रिपोर्ट बघा, विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये फॉल्टिंग मॉड्यूलचं, म्हणजे ज्या फाइलमध्ये पडलं तिचं, नाव असतं, मॅकच्या रिपोर्टमध्ये कुठला थ्रेड पडला ते लिहिलेलं असतं आणि त्या थ्रेडच्या यादीत प्लगइनचं नाव बरेचदा सरळ दिसतं. पण मेमरी एकाने बिघडवली आणि पडलं दुसरं, असंही होतं, त्यामुळे नाव दिसलं म्हणून लगेच डिलीट नको, आधी त्या ट्रॅकचं ऑटोमेशन बंद करून वाजवून बघा आणि मग तो ट्रॅक फ्रीज करून, म्हणजे प्लगइनसकट तयार आवाजात बदलून.